सोबतीचा इतिहास : १९६२ मधील एक भारतयात्रा आणि तिच्या तीन संहिता

१

प्रवासवर्णनाचा विचार करताना आपली समीक्षा बहुधा दोन घटकांवर लक्ष केंद्रित करते. एक, प्रवास करणारा लेखक. दुसरा, त्याने पाहिलेला प्रदेश. लेखकाचे व्यक्तिमत्त्व प्रदेशाच्या चित्रणात कसे उमटले, परदेशाचे ‘परकेपण’ त्याने कसे ग्रहण केले, हे प्रश्न त्यातून निर्माण होतात आणि ते महत्त्वाचेही आहेत. मात्र या मांडणीत तिसरा घटक सहसा सुटतो, तो म्हणजे सहप्रवासी. वाटेवर बरोबर असणारा, त्याच धर्मशाळेत उतरणारा, त्याच आजारात कण्हणारा आणि पुष्कळदा स्वतःही वही बाळगून असणारा हा सोबती प्रवासवर्णनात आला, तर विनोदाचा विषय किंवा संवादाची सोय म्हणून येतो. ज्ञानाचा वाहक म्हणून क्वचितच येतो.

पाठीवर सॅक घेऊन, थोडक्या पैशांत, समवयस्कांच्या संगतीने परदेशात सुटी घालवण्याची जी रीत विसाव्या शतकात रूढ झाली, तिच्या संदर्भात ही उणीव विशेष जाणवते. कारण या प्रवासपद्धतीचे अधिष्ठानच सोबत हे आहे. १९०१ मध्ये बर्लिनजवळच्या श्टेग्लिट्स येथे ‘वांडरफोगेल’ या युवकचळवळीची संघटना स्थापन झाली. रिखार्ड शिरमान या जर्मन शिक्षकाला १९०९ मध्ये विद्यार्थ्यांची पायी सहल नेत असताना युवक-वसतिगृहांची कल्पना सुचली आणि पुढे आल्टेना येथील किल्ल्यात असे वसतिगृह उभे राहिले. एकाच दालनात अनोळखी प्रवाशांनी एकत्र झोपावे, हे या कल्पनेचे मूळ. ‘बॅकपॅकर’ ही संज्ञा पर्यटनाच्या अभ्यासात बरीच नंतर, १९९० च्या सुमारास स्थिरावली. परंतु तिचा आशय या सामाईक दालनात आधीच सिद्ध झाला होता.

प्रस्तुत निबंधात या प्रवासरीतीतील एका उदाहरणाचा विचार केला आहे. १९६२ च्या वसंतात अ‍ॅलन गिन्सबर्ग, पीटर ऑर्लोव्हस्की, गॅरी स्नायडर आणि जोआन कायगर हे चार अमेरिकन काही आठवडे उत्तर व पश्चिम भारतात एकत्र हिंडले. त्यांपैकी तिघांची या प्रवासाविषयीची पुस्तके उपलब्ध आहेत. एकाच प्रवासाच्या तीन संहिता एकमेकींशेजारी ठेवून वाचण्याची अशी संधी तौलनिक अभ्यासकाला वारंवार मिळत नाही. या वाचनातून पुढे येणारे प्रतिपादन असे : परदेशातल्या सहप्रवासाचे साहित्य प्रदेशाविषयी जितके असते, त्याहून अधिक ते सोबतीविषयी असते; आणि त्याचा इतिहास एकट्या नामवंत प्रवाशाच्या ग्रंथावरून लिहिला, तर तो केवळ अपुरा राहत नाही, चुकीचा ठरतो.

२

प्रथम घटनाक्रम पाहू. स्नायडर क्योतो येथे झेन साधनेचा अभ्यास करीत होता. कवयित्री जोआन कायगर हिच्याशी त्याचा विवाह १९६० मध्ये जपानात झाला होता. या अभ्यासातून काही महिन्यांची मोकळीक काढून ही दोघे डिसेंबर १९६१ मध्ये जपानहून बोटीने निघाली आणि श्रीलंकेमार्गे भारतात आली. दक्षिणेपासून वर सरकत, बोधगया आदी बौद्ध स्थाने पाहत ती दिल्लीस पोहोचली. गिन्सबर्ग आणि ऑर्लोव्हस्की हे पूर्व आफ्रिकेतून बोटीने फेब्रुवारी १९६२ मध्ये मुंबईस उतरले आणि दिल्लीत चौघांची गाठ पडली. तेथून हृषीकेश, अल्मोडा, धरमशाला आणि नंतर दक्षिणेकडे वळून अजिंठा, वेरूळ व मुंबई असा त्यांचा मार्ग झाला. एप्रिलमध्ये स्नायडर व कायगर मुंबईहून जपानला परतली. गिन्सबर्ग मात्र मे १९६३ पर्यंत भारतातच राहिला. त्याचा उरलेला काळ मुख्यतः कलकत्ता व बनारस येथे गेला.

ही मंडळी तिसऱ्या वर्गाने रेल्वेप्रवास करीत आणि धर्मशाळांसारख्या स्वस्त ठिकाणी उतरत. ही गोष्ट वरवर किरकोळ वाटेल, परंतु ऐतिहासिक दृष्ट्या ती महत्त्वाची आहे. पाश्चात्त्य तरुणांसाठी स्वतंत्र स्वस्त निवासांची व खाणावळींची साखळी भारतात तेव्हा उभी राहिली नव्हती. येथे होती ती यात्रेकरूंची व्यवस्था : धर्मशाळा, आश्रम, अन्नछत्रे आणि तिसऱ्या वर्गाचा डबा. अमेरिकन प्रवाशांच्या ज्या ‘मुक्त’ भटकंतीचे पुढे कौतुक झाले, ती एका जुन्या, सुसंघटित आणि धार्मिक प्रवासव्यवस्थेच्या आधारावर चालली होती. शिवाय या प्रवाशांचे दारिद्र्य ऐच्छिक होते. डब्यात शेजारी बसलेल्यांचे नव्हते. तिन्ही संहितांचे वाचन करताना हा भेद विसरता येत नाही.

आणखी एक संदर्भ येथे द्यावा लागतो. जॅक केरुअ‍ॅक याच्या १९५८ मधील ‘द धर्मा बम्स’ या कादंबरीचा नायक जेफी रायडर हा स्नायडरवरून बेतलेला आहे. पाठीवर सॅक घेऊन हिंडणाऱ्या तरुणांच्या भावी पिढीचे स्वप्न त्या कादंबरीत रंगवले आहे. म्हणजे १९६२ मध्ये स्नायडर भारतात आला, तेव्हा तो एका साहित्यकृतीतला आदर्श भटक्या आधीच झालेला होता. गिन्सबर्ग ‘हाउल’ या १९५६ मधील काव्यसंग्रहामुळे आणि त्यावरील १९५७ च्या खटल्यामुळे सर्वश्रुत होता. कायगरचा पहिला कवितासंग्रह मात्र १९६५ मध्ये यायचा होता. चौघांच्या या संगतीत प्रतिष्ठेची विषमता सुरुवातीपासूनच होती. सोबत म्हणजे समता नव्हे, हे येथेच नोंदवून ठेवले पाहिजे.

३

आता संहितांकडे वळू. प्रवास १९६२ चा. पण पुस्तकांचा प्रकाशनक्रम असा : गिन्सबर्गचे ‘इंडियन जर्नल्स’ १९७० मध्ये, कायगरचे ‘द जपान अँड इंडिया जर्नल्स’ १९८१ मध्ये आणि स्नायडरचे ‘पॅसेज थ्रू इंडिया’ हे पुस्तक १९८३ मध्ये. ज्या काळात पाश्चात्त्य तरुण मोठ्या संख्येने भारताकडे निघाले होते, त्या काळात या यात्रेचे ग्रंथरूप म्हणून वाचकांसमोर प्रामुख्याने गिन्सबर्गचेच पुस्तक होते.

त्या पुस्तकाचा काळ मार्च १९६२ ते मे १९६३ असा आहे. स्वप्ने, कवितांचे खर्डे, स्मशानघाटांवरील नोंदी, मादक द्रव्यांच्या अनुभवांची टिपणे असे त्याचे विस्कळीत आणि प्रभावी रूप आहे. परंतु त्यातील सर्वाधिक लक्षवेधी भाग कलकत्ता व बनारस येथील, म्हणजे स्नायडर आणि कायगर परतल्यानंतरचा आहे. चौघांच्या सहप्रवासाला त्या ग्रंथात तुलनेने थोडी जागा मिळते. परिणामी भारताला एकाकीपणे सामोरा जाणारा कवी, अशी प्रतिमा वाचकाच्या मनात ठसते. ही प्रतिमा ग्रंथाच्या रचनेतून सिद्ध झाली आहे; घटनांशी ती पूर्णपणे जुळत नाही.

स्नायडरचे लेखन मुळात बहिणीला पाठवलेल्या दीर्घ पत्राच्या रूपातले. त्यामुळे त्याचा वाचक निश्चित आहे आणि सूर समजावून सांगण्याचा आहे. गाड्या, अन्न, खर्च, झाडेझुडपे, देवळांची रचना यांच्या नोंदी तो काटेकोरपणे करतो. त्याच्या गद्यात प्रवास हा कौशल्याचा विषय होतो. ‘हे असे करता येते’ असे जणू तो दाखवून देतो. पुढे निघालेल्या मार्गदर्शक पुस्तिकांचा स्वभाव या गद्यात आधीच दिसतो.

कायगरची रोजनिशी या दोहोंपेक्षा निराळी आहे. पोटाचे विकार, थकवा, कपड्यांची विवंचना, पतीशी झालेल्या कुरबुरी, स्वप्ने आणि आपल्याकडे कवयित्री म्हणून कोणी पाहत नाही याची बोचरी जाणीव हे तिचे विषय. तिचे वाक्य आखूड, कोरडे आणि उपरोधाने धारदार झालेले असते. या रोजनिशीला ‘खाजगी’ म्हणून दुय्यम ठरवण्याचा मोह टाळला पाहिजे. संगतीच्या आत काय चालले होते, याचा सर्वांत विश्वसनीय साक्षीदार तीच आहे.

धरमशाला येथील भेटीचे उदाहरण घ्यावे. १९५९ मध्ये भारतात आलेले दलाई लामा १९६० पासून तेथे राहत होते. भेटीच्या वेळी त्यांचे वय २६ वर्षांचे होते, म्हणजे भेटीस आलेल्या चौघांहूनही ते लहान होते. या भेटीत स्नायडरचा रोख ध्यानाच्या पद्धतीकडे होता, तर गिन्सबर्गला मादक द्रव्यांतून येणाऱ्या अनुभवांचे आध्यात्मिक मोल विचारायचे होते. स्नायडर हे सारे समतोलपणे सांगतो. कायगरचे लक्ष मात्र प्रश्नांच्या उत्तरांवर नसून प्रश्न विचारणाऱ्यांवर आहे. गिन्सबर्गची स्वतःच्या अनुभवांविषयीची उत्सुकता समोरच्या व्यक्तीविषयीच्या उत्सुकतेहून किती मोठी आहे, हे ती उपहासाने टिपते. ‘पूर्व’ आणि ‘पश्चिम’ यांच्या भेटीचा हा प्रसंग म्हणून वाचला, तर कायगरची नोंद क्षुल्लक वाटेल. सोबतीचा दस्तऐवज म्हणून वाचल्यास तीच सर्वांत बोलकी ठरते; कारण सोबत्याला नायक म्हणून पाहणे तिला शक्य नाही.

४

या टप्प्यावर मराठीच्या व्याकरणाचा आधार घेणे उपयुक्त ठरेल. इंग्रजीत प्रथमपुरुषी अनेकवचनासाठी एकच सर्वनाम आहे. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा भेद आहे : ऐकणाऱ्याला वगळणारे ‘आम्ही’ आणि त्याला सामावून घेणारे ‘आपण’. या तीन संहिता मराठीत आणू पाहणाऱ्या अनुवादकाला प्रत्येक ठिकाणी निवड करावी लागेल. स्नायडरच्या पत्रातील अनेकवचन निःसंशय ‘आम्ही’ आहे. बहीण दूर आहे, प्रवास आमचा आहे. पण मार्गदर्शक पुस्तिकांच्या गद्यात तेच अनेकवचन हळूहळू ‘आपण’ होते. वाचकही भावी सहप्रवासी म्हणून गृहीत धरला जातो. कायगरच्या बाबतीत अडचण वेगळी आहे. तिच्या अनेकवचनात ती स्वतः पूर्णपणे आहे की नाही, असाच प्रश्न वारंवार पडतो.

याहून सूक्ष्म मुद्दा क्रियापदाचा आहे. मराठीत ‘मी गेलो’ आणि ‘मी गेले’ यांत बोलणाऱ्याचे लिंग कळते. ‘आम्ही गेलो’ म्हणताच ते नाहीसे होते. तीन पुरुष आणि एक स्त्री अशा संगतीत ‘आम्ही’ या रूपाने नेमके कोणाचे अस्तित्व पुसले जाते, हे वेगळे सांगायला नको. कायगरची रोजनिशी म्हणजे ‘आम्ही गेलो’ या वाक्यातून ‘मी गेले’ हे वाक्य पुन्हा वेगळे काढण्याचा प्रयत्न होय.

मराठी वाङ्मयेतिहासात या प्रश्नाला पूर्वपीठिका आहे. विष्णुभट गोडसे आणि त्यांचे काका १८५७ मध्ये वरसईहून उत्तरेकडे निघाले. हेतू दक्षिणेचा, मथुरेस बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञाचा. वाटेत ते उठावाच्या धामधुमीत सापडले. विष्णुभटांनी आपला वृत्तांत पुढे १८८३ च्या सुमारास लिहिला. चिंतामणराव वैद्य यांनी संस्कारित केलेली त्याची आवृत्ती १९०७ मध्ये निघाली आणि मूळ हस्तलिखितावर आधारित आवृत्ती दत्तो वामन पोतदार यांच्या संपादनाखाली १९६६ मध्ये. ‘माझा प्रवास’ या शीर्षकातील ‘माझा’ हा शब्द या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे. प्रवास दोघांचा होता, संकटे दोघांनी सोसली. काकांची संहिता मात्र नाही. एका साक्षीदाराचा वृत्तांत, तोही संपादकाच्या हातून गेलेला, दीर्घकाळ संपूर्ण प्रवासाचे प्रतिनिधित्व करीत राहिला. घटनेचा क्रम आणि प्रकाशनाचा क्रम यांतील अंतराने वाचन कसे घडते, हा ‘माझा प्रवास’च्या अभ्यासातून मिळणारा धडा गिन्सबर्ग-कायगर प्रकरणालाही लागू पडतो.

अलीकडच्या काळातील एक उदाहरण मराठी वाचकांच्या परिचयाचे आहे. पु. ल. देशपांडे यांचे ‘अपूर्वाई’ १९६० मधील. त्या परदेशवासात सुनीताबाई त्यांच्याबरोबर होत्या. सुनीताबाईंचे ‘आहे मनोहर तरी’ १९९० मध्ये आले. ते प्रवासवर्णन नव्हे, तरीही त्यानंतर पुलंचे लेखन पूर्वीसारखे वाचणे अनेकांना शक्य झाले नाही. सोबत्याने लिहू लागणे ही वाङ्मयेतिहासातील घटना असते, हे यावरून ध्यानात यावे.

५

सोबत केवळ उपरोधालाच जन्म देते असे नाही. या यात्रेतील सर्वांत अर्थपूर्ण देवघेव सोबत्यांमध्येच झाली. अजिंठा-वेरूळच्या परिसरातील लेण्यांत स्नायडरने प्रज्ञापारमिता-हृदयसूत्राचे पठण केले. मूळ संस्कृत सूत्र, चिनी भाषांतरातून जपानी उच्चारांत गेलेले, एका अमेरिकन झेनसाधकाच्या मुखातून महाराष्ट्रातल्या कातळात घुमले आणि ऐकणारा होता दुसरा अमेरिकन कवी. या पठणाचा आपल्यावर झालेला परिणाम गिन्सबर्गने पुढे सांगितला आहे. त्यानंतरच्या दशकात मंत्रपठण हा त्याच्या जाहीर काव्यवाचनाचा अविभाज्य भाग झाला.

‘भारताचा गिन्सबर्गवरील प्रभाव’ या ठरीव शीर्षकाखाली ही घटना बसवता येते का? लेणे भारतातले, सूत्र भारतीय उगमाचे, हे खरे. पण वाहक होता सोबती, आणि मार्ग क्योतोचा. प्रभाव एका संस्कृतीकडून दुसरीकडे सरळ रेषेत जातो, ही कल्पना येथे अपुरी पडते. संगतीत चाललेला प्रवासी परदेशाकडून जितके शिकतो, तितकेच परदेशाच्या निमित्ताने सोबत्याकडून शिकतो. तौलनिक साहित्याभ्यासातील प्रभावविचाराला या मध्यस्थाची दखल घ्यावी लागेल.

६

१९६२ नंतरच्या वीस वर्षांत या सोबतीचे संस्थेत रूपांतर झाले. त्याची चिन्हे आधीच दिसू लागली होती. ‘इंडियामॅन’ या बसची लंडन ते कलकत्ता ही पहिली फेरी १९५७ मध्ये झाली. त्याच वर्षी इस्तंबूलच्या सुलतानअहमत भागात सुरू झालेली ‘लाले’ ही खाणावळ पुढे ‘पुडिंग शॉप’ या नावाने प्रवाशांच्या भेटीचे ठिकाण बनली. तेथील फलकावर सोबत हवी असलेल्यांच्या आणि गाडीत जागा असलेल्यांच्या चिठ्ठ्या लागत. काबूलमधील चिकन स्ट्रीट, काठमांडूतील झोछें म्हणजेच ‘फ्रीक स्ट्रीट’ आणि गोव्यातील हणजूणचा किनारा हे याच मार्गावरचे पुढचे थांबे.

या मार्गावर माहिती आधी तोंडी पसरे. लंडनमधील ‘बिट’ या माहितीकेंद्राने परतलेल्या प्रवाशांच्या पत्रांतून व टिपणांतून भारताच्या खुष्कीच्या मार्गाची चक्रमुद्रित पुस्तिका तयार केली. टोनी आणि मॉरीन व्हीलर या दांपत्याने १९७२ मध्ये लंडनहून ऑस्ट्रेलियापर्यंत प्रवास केला आणि १९७३ मध्ये स्वस्तात आशिया पार करण्याविषयी एक छोटी पुस्तिका काढली; ‘लोनली प्लॅनेट’ या प्रकाशनसंस्थेची ती सुरुवात. तिचा भारतावरील मार्गदर्शक ग्रंथ १९८१ मध्ये आला, म्हणजे ज्या वर्षी कायगरची रोजनिशी प्रसिद्ध झाली त्याच वर्षी. सोबत्याने रात्री सांगितलेली गोष्ट आता छापील पृष्ठावर मिळू लागली. समाजशास्त्रज्ञ एरिक कोहेन याने १९७२ व १९७३ मधील लेखांत असे भटके प्रवासीही स्वतःचे ठरीव मार्ग आणि ठरीव मुक्काम कसे निर्माण करतात, हे दाखवून दिले होते. १९७९ मधील इराणची क्रांती आणि त्याच वर्षाअखेरीस अफगाणिस्तानात झालेला सोव्हिएत सैन्याचा प्रवेश यांमुळे खुष्कीचा मार्ग बंद पडला. रीत मात्र टिकली. ती विमानाने येऊ लागली.

या संस्थाकरणाची किंमत कोणी दिली, हा प्रश्न अपरिहार्य आहे. सोबत जसजशी घट्ट होत गेली, तसतसा यजमान संहितेतून मागे सरकला. १९६२ चे चार प्रवासी डब्यातल्या यात्रेकरूच्या शेजारी बसत होते, कारण बसायला दुसरी जागाच नव्हती. पुढच्या पिढीला ‘आपल्यांची’ जागा मिळाली, आणि परदेश ही त्या जागेची पार्श्वभूमी झाली.

७

यजमानांनीही लिहिले आहे, ही गोष्ट पाश्चात्त्य अभ्यासात बऱ्याचदा तळटीपेत जाते. कलकत्त्यात सुनील गंगोपाध्याय, शक्ती चट्टोपाध्याय आदी ‘कृत्तिवास’ वर्तुळातील कवी गिन्सबर्गच्या नित्य संगतीत होते. कलकत्त्यातील घाटांवर आणि अड्ड्यांवर हिंडताना तेच त्याचे खरे सहप्रवासी झाले. सुनील गंगोपाध्याय १९६३ मध्ये स्वतः आयोवाला गेले. यजमान प्रवासी झाला. त्यांच्या ‘अर्धेक जीवन’ या आत्मकथनात या कालखंडाची बंगाली बाजू वाचायला मिळते. ‘इंडियन जर्नल्स’चे कोणतेही गंभीर वाचन यापुढे बंगाली संहितांना वगळून करता येणार नाही. मुंबईतील मराठी व इंग्रजी कवींच्या आठवणी, लघुनियतकालिकांची पाने आणि पत्रव्यवहार यांच्या आधारे याच दिशेने काम करणे हे मराठी अभ्यासकांचे दायित्व ठरते.

सारांश, सहप्रवासाचा इतिहास लिहिताना तीन कसोट्या लावाव्यात असे सुचवावेसे वाटते. पहिली, संगतीतील सर्वांच्या संहिता, मग त्या पत्ररूपात असोत की रोजनिशीत, समान दर्जाने वाचाव्यात. चौथा सहप्रवासी ऑर्लोव्हस्की याच्या पत्रांची व रोजनिशीची निवड २०१४ मध्ये प्रसिद्ध झाल्याने हे काम अधिक शक्य झाले आहे. दुसरी, प्रकाशनक्रमाला घटनाक्रम समजू नये. तिसरी, ‘आम्ही’ हा शब्द जेथे जेथे येतो, तेथे तेथे त्यात कोण आहे आणि कोणाला वगळले आहे, हे विचारावे. प्राचीन भारतीय भाषांनी एकत्र प्रवास करणाऱ्यांच्या तांड्याला ‘सार्थ’ म्हटले आणि त्याच्या प्रमुखाला ‘सार्थवाह’. आपल्या वाङ्मयेतिहासांनी आजवर सार्थवाहांचीच चरित्रे लिहिली आहेत. वहीत नोंद करणाऱ्या, मागून चालणाऱ्या आणि दारात उभे राहून पाहुण्यांना आत घेणाऱ्या माणसांची साक्ष काढल्याखेरीज त्या प्रवासांचा वृत्तांत पूर्ण होत नाही.